धातूचा आवाज सुरात कसा आणायचा? (एफएम सिंथेसिस, १ : १.४१)

नवाषड्ज

गेले तीन आठवडे एकाच आवाजाच्या मागे आहे. आता मला पुढची वाट दिसत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

एफएम सिंथेसिसमध्ये एक लहर (मॉड्युलेटर) दुसऱ्या लहरीची (कॅरिअर) कंप्रता हलवते, आणि ती किती हलवायची ते इंडेक्स ठरवतो. माझा दोन ऑपरेटरांचा, म्हणजे दोन लहरींचा, साधा पॅच (आवाजाची मांडणी) आहे. कॅरिअर १, मॉड्युलेटर १.४१ (दोन्ही मूळ कंप्रतेच्या पटीत). ठोक्याला इंडेक्स साधारण ५ आणि तिथून हळूहळू शून्यावर उतरतो. एकटा ऐकला तर आवाज फार देखणा आहे, जाड पितळी पत्र्यावर लाकडी दांडी पडावी तसा. पण माझ्या रचनेत खाली २२० हर्ट्झचा षड्ज सतत धरलेला आहे. कॅरिअरही २२० वर ठेवून हा आवाज त्यावर वाजवला की ठोका बेसूर लागतो आणि शेपूट मात्र सुरात येऊन बसतं. ट्यूनर लावला तर आकडा पळत राहतो: आधी ७१० च्या आसपास, मग ४००, मग ५३०, शेवटी २२०. सगळा पॅच वर-खाली सरकवून पाहिला. ठोका जरा जमला की शेपूट बिघडतं. डीट्यून केलं (लहरी एकमेकींपासून किंचित सरकवल्या) तर नुसते विस्पंद (आवाजाचे झोके) वाढतात.

आणखी एक गोष्ट कळत नाही. हाच आवाज २२० आणि ४४० असा जोडीने वाजवला की सप्तकसुद्धा खरखरतं. सप्तकाइतका सोपा संवाद बिघडतो कसा?

अशा आवाजाचा सूर म्हणून नेमकं काय धरायचं?

अनुनाद

आधी आकडे मांडू, म्हणजे अर्धं कोडं तिथेच सुटेल.

एफएममध्ये कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना मॉड्युलेटरच्या पटीत साइडबँड, म्हणजे नव्या कंप्रता, येतात. तुमचा मॉड्युलेटर २२० × १.४१ म्हणजे ३१०.२ हर्ट्झ. वरच्या बाजूला ५३०.२, ८४०.४, ११५०.६ असे अंशस्वर (आवाजात मिसळलेले घटक स्वर). खालच्या बाजूला २२० मधून ३१०.२ वजा केले की उणे ९०.२ येतं. ऋण कंप्रता कानाला धन म्हणूनच ऐकू येते, फक्त तिची कला (लहरीची अवस्था) उलटते. म्हणजे ९०.२, ४००.४, ७१०.६, १०२०.८. एकत्र लावले तर: ९०.२, २२०, ४००.४, ५३०.२, ७१०.६, ८४०.४ आणि पुढे.

आता ट्यूनरचं. कुठला साइडबँड किती मोठा हे इंडेक्सवरून बेसेल फलनं (गणितातली ठराविक सूत्रं) ठरवतात. इंडेक्स ५ असताना तिसरी आणि चौथी जोडी सर्वांत मोठी असते, त्यातला खालचा स्वर ७१०.६. इंडेक्स ३ वर आला की दुसरी जोडी मोठी होते: ४००.४. २ वर पहिली: ५३०.२. मध्ये २.४०५ या किमतीला तर कॅरिअर पूर्ण नाहीसा होतो! इंडेक्स साधारण १.४ च्या खाली उतरला की मगच कॅरिअर सगळ्यांच्या वर येतो आणि तुम्हाला २२० दिसतं. तुमच्या ट्यूनरने लिहून दिलेला क्रम अगदी हाच आहे. तो चुकत नाही. त्या त्या क्षणी जो अंशस्वर पुढे आहे तोच तो दाखवतो.

सप्तकाचंही असंच. ४४० वर तोच पॅच म्हणजे १८०.४, ४४०, ८००.८, १०६०.४... खालच्या सुराचा ४००.४ आणि वरचा ४४० यांत ३९.६ हर्ट्झचं अंतर. खालचा ८४०.४ आणि वरचा ८००.८, पुन्हा ३९.६. इतक्या जवळचे दोन स्वर कानाला वेगळेही ऐकू येत नाहीत आणि एकही होत नाहीत, ते खरखरतात. सप्तक गोड लागतं ते अंशस्वर १, २, ३, ४ अशा पटीत असले तर. ती अट तुमच्या आवाजात नाहीच.

कणस्वर

म्हणजे साधा नियम असा ना, की गुणोत्तर पूर्णांक असेल तर सुरेल आणि अपूर्णांक असेल तर धातू?

अनुनाद

नाही, आणि ही समजूत फार पसरलेली आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

एफएम सिंथेसिस शोधणाऱ्या जॉन चाऊनिंग यांनी १९७३ च्या आपल्या शोधनिबंधात घंटेचं जे उदाहरण दिलं आहे त्यात कॅरिअर २०० आणि मॉड्युलेटर २८० हर्ट्झ आहे. कालावधी १५ सेकंद, इंडेक्स १० वरून शून्याकडे. गुणोत्तर १ : १.४. आता २०० आणि २८० दोन्ही ४० च्या पटीत आहेत. म्हणजे या घंटेतला प्रत्येक अंशस्वर ४० हर्ट्झचा पूर्णांक पट आहे: ८०, २००, ३६०, ४८०, ६४०, ७६०. गणिताच्या भाषेत हा सुसंवादी स्पेक्ट्रम (अंशस्वरांचा संच) झाला. तरी तो घंटेसारखा ऐकू येतो, कारण ४० चे फक्त २, ५, ९, १२, १६, १९ एवढेच पट हजर आहेत. एवढ्या विरळ खुणांवरून कान ४० चा पाया शोधत नाही.

आता १ : ३.५ घ्या. अंशस्वर १, २.५, ४.५, ६, ८, ९.५. अर्ध्याच्या पटीत मोजले तर २, ५, ९, १२, १६, १९. आकडे ओळखीचे वाटतात? १ : १.४ आणि १ : ३.५ हे एकच घराणं आहे. पहिल्यात कॅरिअर '५' वर बसलाय, दुसऱ्यात '२' वर. संगीतकार बॅरी ट्रुआक्स यांनी १९७७ मध्ये गुणोत्तरांची अशी कुळं लावून दाखवली. प्रत्येक कुळाचं एक मूळ रूप असतं, ज्यात मॉड्युलेटर कॅरिअरच्या किमान दुप्पट असतो (अपवाद १ : १ चा). ५ : ७ चं मूळ रूप २ : ७.

नवाषड्ज यांच्यासाठी यात कामाची गोष्ट ही की कुठले अंशस्वर वाजणार हे कुळ ठरवतं आणि शेवटी कुठला उरणार हे कॅरिअर ठरवतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळता येतात.

स्वैर

माझं मत वेगळं आहे. सूर लावायचाच कशाला? षड्ज बदला.

चाऊनिंग यांची १९७७ ची 'स्ट्रिया' ही रचना ऐका. तिथे आवाज आणि सप्तक दोन्ही १.६१८ या सुवर्ण गुणोत्तरातून येतात. दुप्पट या सप्तकाऐवजी १.६१८ पट हेच 'सप्तक', आणि त्याचे नऊ भाग. हे सौंदर्यासाठी घेतलेलं नुसतं चिन्ह नाही, त्यामागे हिशोब आहे. कॅरिअर १, मॉड्युलेटर १.६१८ घेतलात तर अंशस्वर ०.६१८, १, २.२३६, २.६१८, ४.२३६ असे येतात. आता हाच आवाज १.६१८ पट वर वाजवा. त्याचा ०.६१८ खालच्याच्या १ वर पडतो आणि २.६१८ खालच्याच्या ४.२३६ वर. आवाज ज्या गुणोत्तरातून जन्मला त्याच गुणोत्तरात स्वर हलले की ते एकमेकांना ओळखतात.

तुमच्या आवाजातही असा दुवा आहे. १.४१ म्हणजे जवळपास दोनचं वर्गमूळ. ०.४१४ × २.४१४ बरोबर १ होतात. म्हणून ४४० ऐवजी ५३०.२ वर दुसरा सूर घ्या. खालच्याचा पहिला साइडबँड थेट वरच्याच्या कॅरिअरवर, आणि वरच्याचा सर्वांत खालचा अंशस्वर तुमच्या २२० वर. १.४१ आणि खरं वर्गमूळ यांतल्या फरकामुळे तिथे सेकंदाला अडीचएक विस्पंद येतील. ते मला तरी आवडतात.

नवाषड्ज

स्वैर, करून पाहिलं आणि थक्क झालो. ४४० वर जे खरखरत होतं ते ५३० वर एकदम शांत झालं. पण खालचा षड्ज मी सोडू शकत नाही. त्यावर एक गाणारा आवाज आहे, तो साध्या स्वरांत गातो. त्याच्यासाठी जमीन तीच हवी.

घनतरंग

मी या आवाजांकडे खऱ्या घंटांच्या बाजूने आले, म्हणून तिकडचं सांगते.

ओतीव घंटेचे मुख्य अंशस्वर, नीट लावलेले असले तर, साधारण ०.५, १, १.२, १.५ आणि २ असे असतात. १.२ म्हणजे कोमल गंधार, घंटेतली ती हुरहुर तिथून येते. पण ठोक्याचा जो सूर आपण म्हणून दाखवतो तो बऱ्याचदा वरचे २, ३, ४ च्या जवळपासचे अंशस्वर ऐकून कानानेच बसवलेला असतो. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा नळीच्या घंटांमध्ये मिळतो. त्यांची चौथी, पाचवी, सहावी कंपनं ८१ : १२१ : १६९ या प्रमाणात असतात, म्हणजे २ : २.९९ : ४.१७. कान त्याला २ : ३ : ४ समजतो आणि १ हा सूर ऐकतो. आणि त्या नळीत '१' वर कुठलंही कंपन नसतं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर दुसरं काही केलं नाही.

म्हणून माझा उपाय: ठोक्याला सूर हवा असेल तर कानाला २ : ३ : ४ द्या. तीन जोड्यांचा अल्गोरिदम (ऑपरेटरांची जोडणी) घ्या (यामाहाच्या डीएक्स-७ सिंथेसायझरवर तो पाचवा). एका जोडीत कॅरिअर ३, मॉड्युलेटर १, इंडेक्स १ च्या आसपास. तिथून २, ३, ४ ठळक येतात, १ आणि ५ अगदी बारीक. ही सुराची जोडी. दुसरी जोडी तुमची १ : १.४१, मोठ्याने पण थोडकी, ही धातूची. तिसऱ्यात नुसता ०.५ चा कॅरिअर, सर्वांत लांब शेपटीचा. सुराची जोडी धातूच्या जोडीपेक्षा किंचित जास्त टिकली पाहिजे, नाहीतर कान तिच्याकडे वळेपर्यंत ती गेलेली असते.

विद्युल्लता

एक सावधगिरीची सूचना, मॉड्युलर यंत्रांवर काम करणाऱ्यांसाठी. तिथे ऑसिलेटरची साधी पिच-इनपुट घातांकी असते. तिथून मॉड्युलेट केलंत तर स्पेक्ट्रमबरोबर सूरही सरकतो, कारण वर जाताना हर्ट्झ जास्त वाढतात आणि खाली येताना कमी घटतात. साइन लहरीने एक सप्तक वर आणि एक सप्तक खाली इतकं मॉड्युलेशन दिलं तर सरासरी कंप्रता १.१२ पट होते, म्हणजे जवळजवळ दोन अर्धस्वर वर. इंडेक्सला एन्व्हलप (वेळेनुसार चढउतार) लावला की ठोका वर चढून खाली घसरतो. मी हे कितीतरी महिने धातूच्या स्वभावाचा भाग समजत होते. रेषीय एफएमची इनपुट असेल तर तीच वापरा. डीएक्स-७ च्या पद्धतीत प्रत्यक्षात कला मॉड्युलेट होते, तिथे हा घोळ नाही.

अनुनाद

नवाषड्ज, काल रात्री तुमचे आकडे पुन्हा घेऊन बसलो. षड्ज न सोडता आणि नवी जोडी न वापरताही वाट आहे, आणि ती इतकी जवळ आहे की आधी दिसली नाही याची रुखरुख वाटते.

मॉड्युलेटर १.४१ ऐवजी १.४० करा. बस्स.

२२० ला सा धरून पाहा. १.४० ला अंशस्वर येतात ०.४, १, १.८, २.४, ३.२, ३.८. त्यांना एकाच सप्तकात आणा. २.४ म्हणजे १.२, शुद्ध प्रमाणातला कोमल गंधार. १.८ हा कोमल निषाद. ३.२ आणि ०.४ दोन्ही १.६, म्हणजे कोमल धैवत. तुमच्या धातूत सा, कोमल ग, कोमल ध, कोमल नि भरलेले आहेत. १.४१ ला हेच स्वर होते, पण ग ७ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढा, नि १९ ने, वरचा ध १६ ने आणि खालचा ध तर तब्बल ४३ सेंटने. प्रत्येक जण वेगवेगळा चढलेला, म्हणून सगळा पॅच सरकवून काही जमत नव्हतं. सगळे एकदम खाली आणायचा एकच मार्ग, मॉड्युलेटर.

सप्तकाची खरखर मात्र १.४० ने जाणार नाही. अंतर ४४ हर्ट्झ होईल, ३९६ आणि ४४०, ७९२ आणि ८३६, १०१२ आणि १०५६, तीन ठिकाणी. त्याऐवजी मध्यमावर जोडी करा: २२० आणि २९३.३. खालच्याचे ५२८ आणि ७०४ हे वरच्यातही जसेच्या तसे सापडतात. या आवाजासाठी सा-म हा सा-सां पेक्षा जवळचा संवाद आहे. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवलं की खरखर ही दोन स्वर कानाच्या एकाच पट्ट्यात किती जवळ येतात यावर ठरते, आणि पुढे सेथारेस यांनी त्यावरून स्पेक्ट्रमप्रमाणे सप्तक कसं बांधायचं ते मांडलं. सप्तक गोड असणं हा आवाजाचा गुण आहे, २ या आकड्याचा नाही.

कणस्वर

डीएक्स-७ आणि त्याच्यासारख्या प्लगइनमध्ये १.४० जमतं, पण ३.५० शोधताना मी अडकलो. कोर्स (गुणोत्तराचा पूर्णांक) ३ ठेवून फाइन (बारीक फरक) फिरवलं तर ३.४८ नंतर थेट ३.५१ येतं.

अनुनाद

फाइन हा कोर्सला टक्क्यांनी गुणतो, म्हणून ३ वर पायरी ०.०३ ची पडते. कोर्स २ आणि फाइन ७५ ठेवा, २ × १.७५ = ३.५०. तसंच २.४० हवं असेल तर कोर्स २, फाइन २०. प्रत्येक ऑपरेटरला असलेलं डीट्यून सगळं जमल्यावर, अगदी शेवटी.

घनतरंग

१.४० चा हिशोब फार सुंदर आहे. त्याला एक जोड देते. एकच मॉड्युलेटर १.४० वर ठेवून त्याने दोन कॅरिअर हलवा, एक १ वर आणि दुसरा २.४० वर. २.४ हा १ + १.४ असल्याने दोघांचं कुळ एकच, नवा अंशस्वर एकही येत नाही. पण शेपटीला सा बरोबर कोमल गंधारही उरतो. दोन्ही समान आवाजात ठेवू नका. कला उलटलेले अंशस्वर एकमेकांना कापतात आणि मधला भाग पोकळ होतो. दुसरा बराच हलका ठेवा.

चलबिंदू

वरच्या पट्टीत वाजवणाऱ्यांनी एलिआसिंग (डिजिटल आवाजात नमुना-दराच्या निम्म्यावरच्या कंप्रता खाली दुमडून येणं) तपासून घ्या. ४८ किलोहर्ट्झ नमुना-दरावर कॅरिअर १०००, मॉड्युलेटर ३५०० आणि इंडेक्स ८ असेल तर आठवा साइडबँड २९००० वर जातो आणि दुमडून १९००० वर येतो, नववा ३२५०० चा १५५०० होतो. हे स्वर कुठल्याच कुळात बसत नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे: पिच-बेंड वर न्या. शून्यापाशी उलटलेले अंशस्वर बाकीच्यांबरोबर वरच जातात. जो खाली घसरतो तो एलिआस. उपाय म्हणजे वरच्या पट्ट्यांवर इंडेक्स कमी करत जाणं, त्यासाठीच लेव्हल स्केलिंग असतं.

नवाषड्ज

१.४० केलं.

मला वाटलं होतं की एका शतांशाने काय होणार, आणि आवाजातला धातू तरी जाईल. दोन्ही अंदाज चुकले. धातू तसाच आहे, पण ठोका आता षड्जावर पडतो तेव्हा खालून कुणीतरी जागा करून दिल्यासारखं वाटतं. गाणारा आवाज कोमल गंधारावर थांबतो त्या जागी तर ठोक्यातला ५२८ त्याच्या वरच्या सप्तकात येऊन मिळतो. हे मी ठरवून केलं नव्हतं. आता त्या जागेसाठी ठोका मुद्दाम राखून ठेवला आहे.

ज्यांना करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी: कॅरिअर १.०० आणि २.४० (दुसरा बराच हलका), मॉड्युलेटर १.४०, ठोक्याला इंडेक्स ५ वरून आता ३ वर आणला आहे, उतार पहिल्या सेकंदात वेगाने आणि मग संथ. जोडीचे ठोके २२० आणि २९३.३ वर. घनतरंग यांची ३ : १ ची जोडी फक्त एका कडव्यात घातली आहे, जिथे गायन नाही आणि ठोक्यानेच सूर सांगायचा आहे. तिथे ती फार उपयोगी पडली.

एक खटकतं अजून. ८३६ हर्ट्झ, म्हणजे ३.८. तो ८८० च्या षड्जाच्या जवळपास ९० सेंट खाली लोंबकळतो, आणि इंडेक्स ३ ला नेमकी दुसरीच जोडी सर्वांत मोठी असल्याने तो चांगलाच ऐकू येतो.

स्वैर

तो काढू नका, निदान सगळीकडून नको. इंडेक्स ठोक्याच्या जोराला बांधा. हलक्या ठोक्याला इंडेक्स १.५ ठेवलात तर दुसरी जोडी पहिलीच्या निम्म्याहूनही खाली जाते आणि ८३६ मागे सरतो. जोरात मारलं की तो पुढे येईल. गायनाखाली हलके ठोके, मोकळ्या जागेत भरघोस.

नवाषड्ज

आत्ताच लावून पाहिलं. हलक्या ठोक्याला ८३६ जवळजवळ मिटतो आणि ५२८ तसाच राहतो. आज रात्री सगळे ठोके या हिशोबाने पुन्हा वाजवतो.